धाकटीचं 'छान'

मी दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसते. कोणाचा नंबर कधी, कोणाची दाढ, कोणाची कवळी, सगळं माझ्याकडे. समोर दोन बाकं, मधे एक बुटकं टेबल आणि त्यावर मासिकांची चळत. त्यातल्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर माझी जाऊ आहे. पांढरा कोट, हाताची घडी, चेहऱ्यावर हसू नावाला नाही. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय की देशातलं सर्वांत सुंदर जेवण या बाईंच्या हातचं. मी रोज सकाळी आल्याआल्या ते मासिक चळतीच्या तळाशी घालते आणि दुपारपर्यंत ते पुन्हा वर आलेलं असतं. गाल सुजलेली, पाण्याचा घोटही गिळता न येणारी माणसंसुद्धा नेमकं तेच उचलतात. परवा एक म्हातारे गृहस्थ कवळी रुमालात गुंडाळून तिच्या जेवणाचे फोटो बघत होते. मला म्हणाले, "काय बाई असेल हो ही! घरच्यांची चंगळ आहे." मी त्यांना सांगितलं की तुमचा नंबर यायला अजून वेळ आहे. खरं तर पुढचा नंबर त्यांचाच होता.

घरचे म्हणजे आम्ही. तिचा नवरा आणि माझे हे सख्खे भाऊ. हे थोरले, म्हणून मी थोरली आणि ती धाकटी. आज तिला सगळं जग शेफ म्हणतं, पण मी धाकटीच म्हणते. तेवढा एकच मान माझ्याकडे उरलाय, तो मी कशाला सोडू?

मला तिचा हेवा वाटतो. आडून आडून सांगण्यात अर्थ नाही. लोकांना वाटतं तिच्या पैशाचा, तिच्या नावाचा. नाव गेलं उडत. माझं दुखणं वेगळंच आहे आणि अगदी एवढंसं आहे. तिनं माझ्या हातचं खाऊन एकदा, फक्त एकदा, 'छान' म्हणावं एवढंच मला हवं होतं. आणि इतक्या वर्षांत तिनं ते म्हटलं नव्हतं.

आता सुरुवातीपासून सांगते, म्हणजे मी उगाच रडगाणं गात नाहीये हे कळेल.

मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात तीन पुरुष होते आणि स्वयंपाकघरात एक करपलेली कढई होती. सासूबाई बऱ्याच आधी गेलेल्या. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. बोलणं कमी, डोळ्याला भिंग. हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, आणि भावजी तेव्हा शिकत होते. तिघंही काय खात होते देव जाणे. मी पहिल्या दिवशी साधा रस्सा आणि भात केला, तर बाबांनी भिंग काढून ठेवलं, ताट बोटानं पुसून खाल्लं आणि म्हणाले, "घराला घरपण आलं." त्या दिवसापासून या घरात जेवण म्हणजे मी. जिन्यातल्या बायका वास आला की दार ठोठावायच्या. कोणाकडे पाहुणे येणार असले की आधी मला विचारायच्या. माझ्या हाताला चव आहे, हे मी माझ्या तोंडानं सांगत नाही. बाकी सगळे सांगायचे.

मग भावजींनी धाकटीला आणलं. रंगांच्या कारखान्यात ती नमुने तपासायची. म्हणजे हिरव्यात पिवळा थेंबभर जास्त झाला की ती तो डबा बाजूला काढायची. चहा विचाराल तर शिव शिव! पहिल्यांदा केला तेव्हा ह्यांनी एक घोट घेतला आणि कप हळूच खिडकीतल्या कुंडीत रिकामा केला. मी मनातून खूश झाले. वरून म्हटलं, "शिकशील गं, हळूहळू." तीही म्हणाली, "हो ताई." कसलं आलंय हळूहळू!

कारखाना बंद पडला आणि ती घरी बसली. घरी बसणं तिला जमेना. एका मोठ्या हॉटेलात माणसं हवी होती, ती सरळ जाऊन उभी राहिली. तिथल्या मुख्य आचाऱ्याला सगळे फौजदार म्हणायचे. फौजदारानं तिच्या हातात सुरीसुद्धा दिली नाही. तिला उभं केलं उष्ट्या प्लेटांच्या खिडकीपाशी. आत येणाऱ्या प्लेटा खरवडायच्या आणि पुढे धुवायला सरकवायच्या, एवढंच काम. मी ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी तिच्या आवडीचं काहीतरी करणार होते. पण तिला काय आवडतं तेच कोणाला माहीत नव्हतं.

तिथेच तिनं मला गाठलं, म्हणजे मागे टाकलं. दुसरी कोणी असती तर प्लेट खरवडताना तोंड फिरवून उभी राहिली असती. ही बघत बसली. कोणी काय ठेवलं, कुठे ठेवलं, किती घास खाऊन ठेवलं. कोणी एक घास घेऊन थांबलं असेल तर चवीत खोट, अर्धं खाऊन थांबलं असेल तर कंटाळा, आणि नुसतं इकडचं तिकडे ढकललं असेल तर चवीशी संबंध नाही, टेबलावर भांडण झालंय. असं सगळं ती आम्हाला जेवताना सांगायची आणि आम्ही तोंडात बोटं घालायचो. पण खरी गोष्ट पुढेच आहे. तेवढ्यानं तिचं समाधान होईना, म्हणून ती परत आलेल्या प्लेटांतलं चाखायला लागली. खिशात स्वच्छ चमचे. जिथे कोणी तोंड लावलेलं नाही त्या कडेचं एवढंसं उचलायची आणि जिभेवर ठेवायची. का परत आलं ते कळल्याशिवाय प्लेट पुढे जाऊ द्यायची नाही.

हे मला कळलं तेव्हा मी अख्ख्या जिन्यात सांगितलं. आमची धाकटी लोकांचं उष्टं खाते! तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तर तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं आता हिची चांगलीच जिरली. आणि झालं काय, तर तिच्या सांगण्यावरून फौजदारानं एका माशाचं भाजणं बदललं, दुसऱ्या दिवसापासून ते मासे परत यायचे थांबले, आणि त्यानं तिला खिडकीवरून उचलून चुलीपाशी नेऊन उभं केलं. फौजदार कोणाला शाबासकी देत नसे. तिला त्यानं स्वतःची जुनी सुरी दिली. शिंपीणबाई मला जिन्यात भेटल्या तर विचारतात, "तुमच्या धाकट्या जाऊबाई आता आचारी झाल्या म्हणे?" रुमाल कुठे गेला होता कोणास ठाऊक.

पुढचं सगळ्या मासिकांत आहे. फौजदार निवृत्त झाला, तेव्हा ती त्याचा उजवा हात होती. मग तिनं बंद पडलेली एक लॉन्ड्री घेतली. लांबट, अंधारी जागा, भिंतीतून वाफेचे पाइप गेलेले. भावजींनी सुट्ट्या टाकून भिंती घासल्या, ह्यांनी नळ जोडून दिले, बाबांनी भिंतीवरचं घड्याळ चालू करून दिलं. मी पडदे शिवले. पडदे तिनं लावले नाहीत. म्हणाली, "ताई, कापड वास धरून ठेवतं." बरोबरच होतं तिचं, पण मला दोन दिवस घास गेला नाही.

मोजकी टेबलं, रोज ठरवेल तेच जेवण, आणि परत आलेली प्रत्येक प्लेट आधी तिच्यासमोर. एवढंच तिचं भांडवल. पहिलं वर्ष खुर्च्या रिकाम्या असायच्या. मी देवाला काही मागितलं नाही, पण रिकाम्या खुर्च्यांची बातमी आली की मला शांत झोप लागायची, हे खरं. मग एक समीक्षक न सांगता येऊन जेवून गेला आणि त्यानं पानभर लिहिलं. मग दुसरा आला. मग बक्षीस, त्याहून मोठं बक्षीस, परदेशातून येणारी माणसं, आणि टेबल मिळवायला महिनोन्महिने थांबणं. माझी सख्खी मावशी, जिनं माझ्या लग्नानंतर कधी फोन केला नव्हता, तिनं फोन केला. म्हणाली, "तुझ्या जाऊला सांगून एक टेबल मिळेल का गं?"

टीव्हीवर तिची मुलाखत होती तेव्हा मी जिन्यातल्या सगळ्यांना घरी बोलावलं होतं. खायला केलं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईनं विचारलं, "स्वयंपाक तुम्हाला कोणी शिकवला?" मी पदराशी चाळा करायला लागले. निदान, थोरल्या जाऊबाईंच्या हाताखाली, एवढं तरी? इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून जेवलीस गं! ती थोडा विचार करून म्हणाली, "कोणी नाही. परत आलेल्या प्लेटांनी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच गॅस पुसला.

तिचं असं आहे की तिला खोटं बोलताच येत नाही. ह्यांच्या साहेबांच्या बायकोनं एकदा मोठ्या हौसेनं केक करून आणला होता. आम्ही सगळे वा वा करतोय आणि ही शांतपणे म्हणते, "मधे कच्चा आहे." साहेबांची बायको त्यानंतर आमच्याकडे आली नाही. ह्यांची बढती लांबली ती त्याच्यामुळेच, असं माझं मत आहे. पण म्हणूनच तिच्या शब्दाला किंमत. बाकीचे छान म्हणतात कारण त्यांना अजून एक वाटी हवी असते. बाबा म्हणतात कारण ते प्रेमळ आहेत. हे म्हणतात कारण ह्यांना माझी भीती वाटते. ती म्हणाली असती तर ते छान असतं.

सोमवारी तिचं हॉटेल बंद. दर सोमवारी ती आणि भावजी आमच्याकडे जेवायला. मी आदल्या दिवसापासून तयारीला लागायचे. बाजारात दोन फेऱ्या. हे म्हणायचे, "अगं, घरचीच तर माणसं." ह्यांना काय सांगणार? ती यायची, हात धुवायची, बसायची, गुपचूप जेवायची. मी पाठ करून उभी, पण कान सगळे तिच्याकडे. आणि शेवटी काय, तर "कांदा अजून जरा परतायला हवा होता, ताई." किंवा, "मीठ थोडं पुढे गेलंय." तेही लागेल असं नाही, तर पाऊस आलाय म्हणावं इतक्या साधेपणानं. आणि सर्वांत वाईट म्हणजे, ती गेल्यावर मी भांड्यातलं चाखायचे, तर कांदा खरंच कच्चट असायचा.

तर बाबांना ऐंशी वर्षं पूर्ण व्हायची होती. या घरातलं प्रत्येक मोठं जेवण आजवर माझ्या हातचं. मी मनात सगळं ठरवून ठेवलं होतं, काय करायचं, कोणाला बोलवायचं, मोठं पातेलं कोणाकडून आणायचं. आणि एका सोमवारी भावजी जेवताजेवता म्हणाले, "बाबांचा वाढदिवस आपण हिच्याकडे करू या. वहिनींना एक दिवस आराम." सगळ्यांचे चेहरे उजळले. बाबांचासुद्धा! ते तिच्या टेबलावर अजून कधी जेवले नव्हते. मी म्हटलं, "वा, मस्त कल्पना." आणि आत जाऊन ढसाढसा रडले. कारण आता काही उरलं नव्हतं. बाहेरचं सगळं तिनं घेतलं होतंच, आता बाबांचं जेवणही तिच्याकडे गेलं.

त्याच दिवशी मी ठरवलं की मी तिथे काही खाणार नाही. इतर सगळे वा वा करतील, आणि माझी प्लेट परत जाईल. तिच्या त्या प्रसिद्ध खिडकीतून. बघू दे, लाव म्हणावं आता अर्थ.

दुपारचं जेवण होतं. कोपऱ्यातलं टेबल आम्हाला दिलं होतं. बाकीच्या टेबलांवर कुजबुजणारी, चकचकीत माणसं. पांढऱ्या भिंती, जुने पाइप तसेच ठेवलेले, पितळेसारखे घासून. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. सुरुवातीला सूप आलं, मी चमचा नुसता फिरवला. मग एवढासा पाव आला, तो मी रुमालाखाली ठेवला. आणि मग मासा आला. पांढरा सॉस, इतका गुळगुळीत की त्यात दिव्याचा ठिपका दिसत होता, मधे माशाचा तुकडा, वरची साल कुरकुरीत. ती ज्याच्यासाठी ओळखली जाते तो हा पदार्थ. त्याचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी पाणी प्यायले.

हे डोळे मिटून खात होते. भावजींनी पावाच्या तुकड्यानं प्लेट पुसली, स्वतःच्या बायकोच्या हॉटेलात, लाज नाही! बाबा सावकाश, एकेक घास. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. वेटर आला, "मॅडम, काही चुकलंय का?" मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "घेऊन जा. नाही जमलं."

ह्यांनी मला पायानं ढोसलं. भावजींचे कान लाल झाले. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मान वळवून पाहिलं. पण आता माघार नाही. वेटर प्लेट उचलून आत गेला.

ती लगेच बाहेर आली. हातात माझी प्लेट. मी तिला त्या कोटात कामावर असताना कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे येते तेव्हा खांदे पाडून बसते, इथे तीच बाई हातभर उंच वाटली. तिनं प्लेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाहीवरच्या खिशातून चमचा काढला, सॉस घेतला, जिभेवर ठेवला. अख्खं हॉटेल थांबल्यासारखं मला वाटलं. आता ती नेहमीच्या आवाजात बोलणार आणि माझी सगळ्यांसमोर शोभा होणार, हे मला दिसत होतं. पण बोलून बसले होते.

"ताईंचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मीठ कमी पडलंय."

मग ती बाबांना म्हणाली, "या टेबलावर जीभ एकट्या ताईंना आहे, बाबा. तुम्ही सगळे मुकाट खात बसलात." आणि हसली. ती हसते हे मला तेव्हा कळलं. "दुसरी प्लेट पाठवते, ताई. सॉरी."

काय सांगू मला काय झालं! कान गरम झाले, डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. ह्यांनी लगेच घसा खाकरला, "मलाही जरा तसं वाटलंच होतं." म्हणजे डोळे मिटून खात होते ते मीठ शोधत होते बहुधा! आणि भावजी, ज्यांनी प्लेट पुसून चाटली होती, तेसुद्धा मान हलवून म्हणाले, "हो, किंचित." एका मिनिटात त्या टेबलावर सगळ्यांनाच मीठ कमी लागलं होतं. शेजारच्या बाईनं आपली प्लेट बारकाईनं बघितली.

इतक्या वर्षांत माझा इतका मोठा मान कोणी केला नव्हता. आणि तो मी घेतला, अगदी दोन्ही हातांनी. माझ्या मनात आलं, असेल की खरंच मीठ कमी. वासावरूनच मला कळलं असेल. इतकी वर्षं चुलीपुढे उभी आहे मी, उगाच का?

बाबांच्या प्लेटीत अर्धा तुकडा उरला होता. मी म्हटलं, "बघू, बाबा," आणि काट्यानं एक घास घेतला.

मीठ बरोबर होतं. बरोबर म्हणजे, त्यात ना चिमूट घालता आली असती ना काढता. सॉस जिभेवर आला आणि त्याच्यामागून मासा, आणि मग काहीतरी आंबूस, अगदी जाता जाता. मी आयुष्यात इतकं चांगलं काही खाल्लं नव्हतं. आणि माझ्या हातून असं कधी होणार नाही, हेही त्याच घासाला कळलं.

मी हात धुवायचं निमित्त करून उठले आणि सरळ ढकलदारातून आत गेले. आत एवढी माणसं, पण आवाज नाही. नुसतं तव्यावरचं चरचरणं आणि मधूनच कोणीतरी "मागून येतोय" म्हणायचं. ती एका प्लेटीची कड कापडानं पुसत होती. बाजूला एक मिशाळ आचारी माशाचे तुकडे लावत होता. मला बघून त्यानं ओठ आवळून मान खाली घातली.

"मीठ बरोबर होतं," मी म्हटलं.

"हो." तिनं मान वर केली नाही.

"मग खोटं का बोललीस?"

"ताई, तुमची प्लेट कोरी होती. सॉसवर काट्याचा ओरखडासुद्धा नव्हता." तिनं कापड उलटं केलं. "बाबांचा वाढदिवस. सगळे बघत होते. काय सांगणार होते मी?"

"खरं सांगायचं."

"मग तुमचं तोंड एवढंसं झालं असतं. कशाला?"

मिशाळ आचारी आता तुकडे लावायचा थांबला होता. माझ्या लक्षात आलं, मीठ त्याचं होतं. मी म्हटलं, "आणि यांना काय वाटलं असेल?"

"त्यांना मी आधीच सांगून आले होते. तुमचं काही चुकलेलं नाही, घरचं प्रकरण आहे म्हणून." आणि मग ती जरा थांबून, समजुतीच्या सुरात म्हणाली, "ताई, घरात जेवणाचं नाव तुमचं आहे. ते तुमच्याकडेच राहू दे की. माझं बाहेर आहे."

असं म्हणाली! जास्तीची छत्री काढून द्यावी तसं. मी ज्याच्यासाठी इतकी वर्षं सोमवार सोमवार जीव टाकला, ते तिला नकोच होतं. आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हे तर फारच वाईट. टोमणा असता तर मी परत मारला असता. चार-पाच आचारी खाली बघून हसू दाबत होते. घरचं प्रकरण, म्हणजे मी, मुकाट्यानं बाहेर येऊन बसलं आणि दुसरी प्लेट, जी अगदी पहिलीसारखीच होती, पूर्ण संपवली. सगळ्यांनी विचारलं, "आता बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "हो, आता आहे."

घरी येताना बाबा तेच तेच सांगत होते. एवढी मोठी शेफ, पण थोरल्या सुनेनं चूक दाखवली. जिन्यात शिंपीणबाईंना सांगितलं, शिंपीणबाईंनी वरच्यांना सांगितलं. आमचे हे कचेरीत सांगून आले. आता सगळा जिना म्हणतो, धाकटी कितीही मोठी होऊ दे, जीभ थोरलीची. मी ऐकते आणि मूग गिळून बसते. बढाई मारायची माझी हौस कुठे गेली तेच कळत नाही.

पुढच्या सोमवारी ती नेहमीसारखी आली. मी साधंच केलं होतं, त्या पहिल्या दिवशी बाबांना केला होता तसा रस्सा आणि भात. मुद्दाम काही नाही. खरं म्हणजे करायला उत्साहच नव्हता. ती जेवली. अजून थोडा मागून घेतला. आजवर तिनं कधी मागून घेतलं नव्हतं. मग ताट भाताच्या शेवटच्या घासानं पुसून घेतलं, हात मागे घेऊन बसली, आणि म्हणाली, "ताई, छान झालंय."

बाबा हसले. ह्यांनी टाळी वाजवली. भावजी म्हणाले, "अरे, आज हिला काय झालं?"

मी पातेलं घेऊन उभी होते. तिच्या तोंडाकडे पाहिलं, काही कळेना. तिच्या ताटाकडे पाहिलं, ती बघते तसं. एक शीत उरलं नव्हतं. पण ताटावरून काय वाचतात हे तिच्याइतकं कोणाला माहीत आहे? लबाडी करायची तर ताट असंच पुसून ठेवलं असतं तिनं.

"खरं सांग गं," मी म्हटलं.

"खरंच सांगतेय," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी पातेल्यातलं चाखलं. बरं लागलं. खूपच बरं लागलं, मला वाटतं. मी परत चाखलं. कांदा नीट होता, मीठ जागच्या जागी. ह्यांना विचारलं, ते म्हणाले फक्कड. बाबांना विचारलं, ते म्हणाले अप्रतिम. शेवटी मी झाकण ठेवलं आणि तशीच उभी राहिले. रस्सा चांगला झाला होता की नाही हे ज्या एका माणसाला विचारून माझी खात्री पटली असती, ते माणूस नुकतंच छान म्हणून गेलं होतं.